अनलिमिटेड प्लॅन

मीटिंगमध्ये जितेशचा चेहरा पुन्हा गोठला, तोही तोंड उघडं असताना. पलीकडून पुण्याचे साहेब हॅलो हॅलो करत राहिले, मग त्यांचाही आवाज गेला. थोड्या वेळाने त्यांचा फोन आला. ते रागावले नाहीत. घरचं नेट असंच चालणार असेल तर पुढच्या महिन्यापासून पुण्याच्या ऑफिसात येऊन बसा, एवढंच म्हणाले.

जितेशला नेमकं तेच नको होतं.

वडील गेल्यावर त्याने बारवी धरणाजवळच्या पाड्यावरचं घर बंद केलं आणि आईला, वेणूबाईंना, चिखलोलीच्या नव्या इमारतीत आणलं. तिथे ओळखीचं कुणी नाही. सुरुवातीला ती नुसती खिडकीशी बसून असायची. जेवताना दोन शब्द बोलली तर बोलली. शेवटी साहेबांच्या मागे लागून त्याने घरून काम मागून घेतलं.

आणि गुण आला. आई सकाळीच आवरून चांगलं लुगडं नेसू लागली. स्वयंपाकघरातून फोडणीच्या वासाबरोबर तिचं बोलणंही ऐकू येई. भांड्यांशी गप्पा मारते, असं जितेशला वाटायचं. त्याची मीटिंग सुरू झाली की ती स्वतःहून दार ओढून घ्यायची. मुलगा डोळ्यांसमोर असला की माणूस कसं खुलतं, हे तो मित्रांना कौतुकाने सांगायचा.

आता हे सगळं एका नेटवाल्यामुळे मोडणार होतं.

प्लॅन अनलिमिटेड होता. जाहिरातीत तसंच लिहिलं होतं, ठळक अक्षरांत. पण महिना अर्धा झाला की नेट बैलगाडीच्या चालीने चालायचं. कस्टमर केअरला फोन केला की आधी गाणं लागायचं, मग एक मुलगी राऊटर बंद करून चालू करायला सांगायची. त्याने ते इतक्यांदा केलं होतं की राऊटरचं बटण सैल झालं. शेजारचं कुणी वायफाय वापरतंय, असा त्याला संशय आला, म्हणून पासवर्ड बदलला. तो आईने लगेच आपल्या मोबाइलात टाकून घेतला. तिला कीर्तन ऐकायचं होतं.

फोन ठेवून जितेश हेल्मेट शोधू लागला, तेव्हा वेणूबाई दारात आल्या. नेट आलं का, असं त्यांनी विचारलं. त्याने पुण्याचं सांगितलं. त्या म्हणाल्या, "आज तू जाऊनच ये. फोनवर हे लोक ऐकायचे न्हाईत. निकाल लावल्याबिगर परत येऊ नको."

आईला आपण इथेच हवे आहोत, या विचाराने त्याला भरून आलं. त्याने स्कूटर काढली.

कंपनीचं ऑफिस उल्हासनगरला, कॅम्प चारमध्ये, कापडाच्या दुकानांच्या वर होतं. काउंटरवर नूतन नावाची मुलगी होती. एका कानात इअरफोन, समोर पाण्याच्या बाटलीला टेकवलेला मोबाइल. जितेश बोलत होता आणि ती मान डोलावत होती, पण डोळे मोबाइलवरच होते. मधूनच ती स्क्रीनवर बोट आपटायची.

"मॅडम, मी काय म्हणतोय?"

"सॉरी सर. आमचंपण आज अडकतंय. सकाळपासून नुसतं गोल गोल फिरतंय."

आतल्या केबिनमधून मॅनेजर धर्मेश बाहेर आला, तोही हातातला मोबाइल हलवत. चालू झालं का, असं त्याने नूतनला विचारलं. मग जितेशकडे वळून, बसा ना, म्हणाला.

जितेश बसला नाही. अनलिमिटेडचा अर्थ काय, हे त्याने उभ्यानेच विचारलं.

"साहेब, डेटा अनलिमिटेड आहे," धर्मेश समजुतीने म्हणाला. "स्पीड का थोडी बोला है? वापर जास्त झाला की सिस्टीम आपोआप स्लो करते. तुमच्या घरचा वापर तर बापरे आहे."

घरात आपण दोघंच, मीटिंगशिवाय आपण काही बघत नाही, तुमचं मोजायचं यंत्रच खोटं, असं जितेशने सुनावलं. भांडणाची पूर्ण तयारी करून तो आला होता. पण बोलता बोलता त्याचा आवाज खाली आला.

"हे बघा, मला पुण्याला जावं लागेल. आई घरात एकटी पडेल. आत्ता कुठे ती हसायला लागलीय. मी नसलो तर दिवसभर बोलणार कुणाशी?"

धर्मेशने डोकं खाजवलं. माझी आईपण गावाला एकटीच असते, म्हणाला. मग त्याने नूतनला सांगून टाकलं की या साहेबांचं लिमिट काढ, कायमचं, मोठ्या साहेबांना मी बघून घेतो.

जितेशने दोघांचे आभार मानले. नूतनने कॉम्प्युटरवर दोन-चार बटणं दाबली.

"झालं सर. फुल स्पीड."

त्याच क्षणी तिचा चेहरा उजळला. बाटलीला टेकवलेल्या मोबाइलवरचं फिरणारं चक्र थांबलं होतं.

"सर, आपलंपण चालू झालं," ती धर्मेशला म्हणाली आणि त्यालाही ऐकू यावं म्हणून तिने इअरफोनची वायर उपटली.

ऑफिसभर आवाज घुमला. "दिसतंय का आता समद्यांना? हां, झालं वाटतं. माझा जितेश नेटवाल्यांशी भांडाया गेलाय ना. बरं, हजारभर लोक जमलाव, तर बिरडं शिजेस्तोवर एक सांगते. तो पोरगा माझ्यासाठी घरात अडकून बसलाय, मला करमत न्हाई म्हणून. त्याला वाईट वाटंल, तवा हे आपलं लाइव्हचं कुणी त्याला सांगू नका."