माथ्यावरची वही

सकाळी सहा चाळीसला बोर्गहिल आणि टोर्स्टाइन यांनी गिर्यारोहक संघाच्या झोपडीचं दार ओढून घेतलं आणि ते स्कारहेट्टा डोंगराच्या दिशेने निघाले. हवा कोरडी होती. पावसाचा अंदाज दुपारनंतरचा होता.

बोर्गहिल एकसष्ट वर्षांची. चार वर्षांपूर्वी, ऑगस्टमध्ये, तिचा नवरा ऑडवार याच डोंगरावर आला होता. तीन दिवसांनी तो उत्तरेच्या कड्याखाली सापडला. एकटाच होता. त्याआधी दोनदा तो अर्ध्यातून परतला होता, त्यामुळे तिसऱ्यांदाही तो चढतानाच पडला असणार, असं गावाने ठरवून टाकलं. टोर्स्टाइन त्याचा तीस वर्षांचा डोंगरातला जोडीदार. त्या आठवड्यात आपण तापाने घरी पडून होतो, असं त्याने सांगितलं होतं.

माथ्यावर दगडांच्या ढिगात पत्र्याची पेटी असते आणि पेटीत वही. पोचणारा नाव आणि वेळ लिहितो. ऑडवार पोचला होता का, तेवढं मला बघायचंय, असं बोर्गहिलने जूनमध्ये फोनवर सांगितलं. टोर्स्टाइन हो म्हणाला.

"वही भरून गेली असेल तर?" मोठ्या धोंड्यांच्या उतारावर तिने विचारलं.

"तर ज्याची शेवटची ओळ, तो ती खाली आणतो. झोपडीत कोऱ्या वह्या असतात, निघताना एक बरोबर घ्यायची. ती वर ठेवायची."

"आणि नव्या वहीत नाव?"

"नाही घालायचं. एकदा चढलीस, नाव एकदाच." तो हसला. "पण इथली कुठली भरायला? वर्षाला पाच जर्मन येतात. तेही बारीक अक्षर काढतात."

"तू कधी आला होतास?"

"नऊ वर्षं झाली. गुडघा बरा होता तेव्हा."

"गुडघ्याचं सोड. पोट आडवं येतंय तुला."

"ते बायकोचं काम. मला बोल लावू नकोस."

साडेदहाला ते खिंडीत पोचले. खाली डोंगरांत शिरलेल्या समुद्राचं, फ्योर्डचं, पाणी शिशाच्या रंगाचं दिसत होतं. बोर्गहिलने पाठीवरची पिशवी उतरवली. ती ऑडवारचीच होती. शोधपथकाने जशी सापडली तशी आणून दिली होती. तिने थर्मास काढला, मग दोन पत्र्याचे कप.

"दोन आणलेस?"

"आधीपासून आतच होते."

टोर्स्टाइनने कप घेतला आणि दोन्ही हातांत धरला. कॉफी त्याने सावकाश संपवली. मग त्याने संत्रं सोललं, अर्धं तिला दिलं आणि सालं खिशात कोंबली.

"त्याला मी म्हटलं होतं," बोर्गहिल म्हणाली, "की परत अर्ध्यातून आलास तर बूट विकून टाकीन. शेवटचं बोलणं तेवढंच."

"चेष्टेतच म्हणालीस ना."

"चेष्टेतच."

धारेवरून पुढे चालणं नव्हतं, चढणं होतं. हाताला खोबणी शोधायची, पाय ठेवून पाहायचा, मग वजन टाकायचं. डाव्या हाताला उत्तरेचा कडा सरळ तुटला होता. टोर्स्टाइन पुढे जायचा आणि वरून दोर आवळून धरायचा. माथ्याखालच्या काळ्या भिंतीपाशी खडक दोन जागी चिरला होता. बोर्गहिल न थांबता डाव्या चिरेत शिरली.

"बरोबर धरलीस," तो वरून म्हणाला. "नवखे उजवीकडे जातात आणि अडकतात."

"नशीब."

भिंतीच्या वरच्या टप्प्यावर त्याने तिला थांबवलं. शेवटचे दगड सुटे होते. आधी तो जाऊन बघणार होता. ती खडकाला पाठ लावून बसली. वर दगड सरकवल्याचा आवाज आला, मग पत्र्याचा. मग बराच वेळ कसलाच नाही.

"आहे," त्याचा आवाज आला. "बोर्गहिल, नाव आहे त्याचं. पोचला होता तो."

ती वर गेली तेव्हा एक वाजायला दहा मिनिटं कमी होती. पेटी बंद झाली होती आणि तिच्यावर दगड रचलेले होते.

"किती वाजता पोचला?"

"दोन वीस."

"आणखी काही लिहिलंय?"

"काही नाही. पानभर कॉफी सांडलीय, तेवढंच."

"सांडणारच. जन्मात एक कप सरळ धरला नाही त्याने."

टोर्स्टाइन हसला आणि त्याने मनगटाने डोळे पुसले. "बघायचंय तुला? झाकण गंजलंय, मोठ्या मुश्किलीने बसलं. आपली नावं मी लिहिली आहेत. आणि ढग बघ."

"राहू दे. तू वाचलंस, पुरे झालं."

पश्चिमेकडून पावसाचा पडदा सरकत येत होता. एक दहाला ते उतरायला लागले. उतरताना अनुभवी माणूस मागे राहतो, दोर त्याच्या हातात असतो. टोर्स्टाइनने दोराला हात घातला.

"तू पुढे हो," बोर्गहिल म्हणाली. "दोर मी धरते."

त्याने तिच्याकडे पाहिलं, आणि तो पुढे झाला.

पेटीतली वही गेल्या ऑगस्टमध्ये कोरी ठेवली गेली होती. ठेवणारी बोर्गहिल होती. जुनी वही, जिच्या शेवटच्या ओळीत तिचं नाव होतं, ती तिच्या स्वयंपाकघरातल्या कपाटात आहे. त्या वहीची दोन पानं सांडलेल्या कॉफीने एकमेकांना घट्ट चिकटली होती. या मार्चमध्ये बोर्गहिलने ती किटलीच्या वाफेवर धरून सोडवली. आत ऑडवारचं नाव होतं आणि वेळ, दोन वीस. ते लिहिलं गेल्यापासून मार्चमधल्या त्या दिवसापर्यंत ते पान कोणी उघडलेलं नव्हतं.