ओढ दहापैकी दहा

देवळाच्या ओवरीत केरूनाना पखवाजाला कणीक लावत होते. फोनवर रोजचा प्रश्न आला : ‘आज ओढ किती? शून्य ते दहा.’ नानांनी पिठाळल्या बोटानं दहा दाबलं.

लगेच व्यसनमुक्ती केंद्रातल्या तृप्ती सिस्टरचा फोन. “नाना, आहात कुठं? जवळ कोण आहे?”

“देवळात आहे पोरी. एवढी घाबरलीस का?”

“दहा लिहिलंत! खांदेदुखीच्या त्या अफूवाल्या गोळ्या सुटून कुठं पाच महिने होतायत. आता तलफ दाबायचं औषध घरी मिळायचं नाही. रोज संध्याकाळी इथं येऊन माझ्यासमोर घ्यायचं.”

“मग कीर्तनाची साथ सुटली की गं! खरं लिहा म्हणालीस, खरं लिहिलं. आज इतक्या दिवसांनी बुवांच्या साथीला बसायचं, सकाळपासून जिवाला नुसती ओढ लागलीय.”

“अहो, गोळ्यांची ओढ विचारली होती! ‘तलफ’ शब्द तुम्हाला लागेल म्हणून कालच बदलला मी.”

“वेडे, तलफ गोळ्यांची. ओढ देवाची!”

सिस्टर हसली. “बरं, मग तलफ किती?”

नाना दिवस आठवू लागले. पखवाज उन्हात ठेवला, धोतर धुतलं, अभंग घोकले. गोळी कुठंच सापडेना. “आज आठवणच नाही झाली गं.”

सिस्टर हळूच म्हणाली, “नाना, ड्यूटी संपलीय माझी. फोन चालू ठेवाल?”

नानांनी उपरण्याची घडी श्रोत्यांच्या पहिल्या रांगेत अंथरली आणि तिच्यावर फोन मानानं बसवला.