तिसरी तार

जान्हवीने गिटार डोळ्याला लावली आणि मानेवरून नजर सोडली. मान सुतासारखी सरळ होती. तिने फ्रेटच्या, म्हणजे मानेवर आडव्या बसवलेल्या धातूच्या पट्ट्यांच्या, टोकांवरून अंगठा फिरवला. एकही बोचली नाही. खुंट्या पिळून पाहिल्या. मग एकेक तार दाबत, छेडत ती वरून खाली आली. समोर स्टुलावर गुणाजी बसले होते. चष्मा कपाळावर, मांडीवर कानस. रविवारचे अकरा वाजले होते आणि स्वयंपाकघरात कुकर दुसऱ्या शिट्टीच्या तयारीत होता.

"तिसरी तार," ती शेवटी म्हणाली. "सातव्या फ्रेटला झणझणते."

"झणझणते?"

"किंचित, बाबा. पण झणझणते."

गुणाजींनी क्षणभर तिच्याकडे पाहिलं. मुलुंडच्या कारखान्यात सदतीस वर्षं टूलरूममध्ये काढलेला माणूस. चालत्या मशीनच्या आवाजावरून कुठलं बेअरिंग गेलंय ते सांगायचा. त्यांनी चष्मा खाली घेतला, खुंटीला दोऱ्याने बांधलेलं पिवळं कार्ड ओढलं आणि पेन्सिलीने लिहिलं : तिसरी तार, सातवा फ्रेट, आवाज.

हे कार्ड टूलरूममधलं. तिथे आपला जॉब, म्हणजे आपण घडवलेला भाग, आपणच पास करायचा नसे. दुसऱ्याने तपासायचा, खोट निघाली तर कार्डावर लिहायची, ती काढली की पुन्हा तपासायचा, आणि सगळं नीट झालं की खाली सही. गिटारच्या कार्डाची एक बाजू भरून दुसरी सुरू झाली होती. प्रत्येक खोटीपुढे 'काम झालं' असं लिहिलेलं. सहीची जागा कोरी होती.

जान्हवीची आई रुक्मिणी होती तोवर घरात बोलण्याचं खातं तिच्याकडे होतं. ती गेली आणि बापलेकीला कळलं की एकमेकांशी काय बोलायचं ते आपल्याला ठाऊकच नाही. नंतर एकदा जान्हवी दहिसरहून अचानक आली, तेव्हा दार उघडून गुणाजींनी विचारलं होतं, "काय गो, काय काम काढलंस?" मनात वाईट काही नव्हतं. त्यांच्या आयुष्यात कामाशिवाय कोणी कुठे जात नसे. ती "सहज" म्हणाली. दोघांनी चहा घेतला, बातम्या पाहिल्या आणि अर्ध्या तासात ती निघाली. त्यानंतर सहा महिने फक्त फोन. जेवलात? जेवलो.

मग श्रावणात त्यांनी आपणहून फोन केला. इलेक्ट्रिक गिटार घेतलीय, दुकानातली सगळ्यात स्वस्त. तू कॉलेजात वाजवायचीस, येऊन जरा बघून जा. ती आली, आणि बघून हसावं की रडावं तिला कळेना. फ्रेटची टोकं करवतीसारखी, तारा बोटभर वर, खुंट्या सैल, तोंडाशी तारांच्या खाचा वेड्यावाकड्या. फसवलं तुम्हाला, ती म्हणाली. गुणाजींनी कार्ड आणि पेन्सिल आणून ठेवली आणि म्हणाले, एकेक सांग.

तेव्हापासून एक रविवार सोडून एक रविवार ती येत होती. आता माघ लागला होता.

त्या रविवारनंतरच्या मंगळवारी सकाळी शेजारच्या वनमालाकाकूंचा फोन आला. दुधाची पिशवी दारात तशीच होती.

महिन्याभराने जान्हवी घर आवरायला आली. भांडी, कपडे, कानशींचा डबा, सगळं कुणाकुणाला देऊन झालं. गिटार उरली. तिच्या पिशवीत दुकानाचं बिल होतं. ती गिटार घेऊन स्टेशनजवळच्या त्या दुकानात गेली आणि किती येतील, असं विचारलं.

दुकानदार किरण चाळिशीचा असेल. त्याने टेबलावर फडकं पसरून गिटार आडवी ठेवली. मानेवरून नजर टाकली. फ्रेटवरून नख फिरवलं, पुन्हा फिरवलं. कार्ड वाचून तिसरी तार सातव्या फ्रेटला दाबली आणि छेडली. तीन वेळा. आवाज प्रत्येक वेळी घंटेसारखा स्वच्छ आला.

"इथे लिहिलंय आवाज. मला तर काही ऐकू येत नाहीये, ताई."

जान्हवीने पिशवीतून बिल काढून त्याच्यापुढे ठेवलं.

त्याने बिलावरचं नाव वाचलं आणि विचारलं, ही गुणाजीकाकांची ना? तिने काय झालं ते सांगितलं. किरणने गिटार उचलून बाजूला टेकवली आणि फडक्याची घडी घातली.

"एक सांगू? मी त्यांना याच किमतीचे तीन पीस दाखवले होते. दोन चांगले होते. हा मी कंपनीला परत पाठवणार होतो. काकांनी तिन्ही नीट बघितले आणि हाच मागितला. मी म्हटलं, काका, याची वाट लागलीय. तर म्हणाले, असू दे. यात काम भरपूर आहे. मुलीला दोन-तीन वर्षं तरी यावं लागेल."

किंमत त्याने सांगितली असावी. तिने ऐकली नाही. गिटार पिशवीत घालून ती परत निघाली.

घरात आता फक्त स्टूल होतं. तिने गिटार त्यावर टेकवली आणि समोर जमिनीवर बसली. कार्डाच्या दुसऱ्या बाजूच्या नोंदी वाचल्या. चौथी खुंटी किंचित सैल. पाचव्या तारेचा सूर जरा पडतो. मागचा स्क्रू हलतो. प्रत्येकीपुढे त्यांच्या अक्षरात 'काम झालं'. शेवटच्या ओळीपुढे काही नव्हतं. तिने पेन काढलं, सहीच्या जागेवर टेकवलं, आणि तसंच उचललं.

"ती दिवाळीलाच पास झाली होती, बाबा," ती स्टुलाकडे बघून म्हणाली. "काम काहीच नव्हतं. मला यायचं होतं."