मालिकेचा खरा शेवट

डोळ्यांच्या दवाखान्यात शेजारी बसलेल्या बाईंनी अभिनेत्री इंदुमती सरंजामेंना ओळखलं. "तुमची जुनी मालिका परवाच पाहिली. बरं झालं, शेवटी नवऱ्याकडे परत आलात!"

इंदुमतीबाई चमकल्या. मालिकेच्या शेवटी नवऱ्याचं घर कायमचं सोडून जाण्याच्या प्रसंगानेच चाळीस वर्षांपूर्वी त्यांचं नाव झालं होतं. हल्ली टीव्ही मात्र एआयच्या मदतीने बघणाऱ्याच्या आवडीचा शेवट स्वतःच बनवून दाखवत होता, त्यांच्याच चेहऱ्याने.

"मी परत आले नव्हते," त्या म्हणाल्या.

"काहीतरीच! मी डोळ्यांनी पाहिलंय."

गुडघे दुखत होते, तरी इंदुमतीबाई उठल्या. सगळ्यांसमोर त्यांनी तो प्रसंग पहिल्या वाक्यापासून केला आणि दार उघडून निघून गेल्या.

थोड्या वेळाने नर्सने त्यांचं नाव पुकारलं.

"त्या आता परत नाही यायच्या," त्या बाई डोळे पुसत म्हणाल्या.