जळगाव जोडलं

रंगीत बटणांच्या नव्या प्रोग्रामवर श्रीरंगचे हेडफोन मुकेच राहिले. जन्मांध श्रीरंग आजवर आज्ञा टाइप करून ऑफिसचे शहरोशहरीचे डेटाबेस एकमेकांना जोडून सांभाळायचा. संगणक त्याला प्रत्येक ओळ वाचून दाखवायचा. आता ऑफिसने तो जुना प्रोग्रामच काढून टाकला होता.

“मी राजीनामा देतो,” तो शेजारच्या टेबलावरच्या वैदेहीला म्हणाला.

“उद्यापर्यंत थांबा ना, दादा.”

दुसऱ्या दिवशी तिने त्याला हेडफोन घालायला लावले. “तुमच्यासाठी नवी आज्ञा लिहिलीय. ‘जोड’ एवढंच टाइप करा.”

त्याने तेवढंच टाइप करून एंटर दाबलं.

“सांगली जोडली. नागपूर जोडलं. जळगाव जोडलं...”

हा यंत्राचा आवाज नव्हता. वैदेहीने एकेका शहराचं नाव स्वतःच्या आवाजात रेकॉर्ड करून ठेवलं होतं. शेवटी हेडफोनमध्ये तिचाच आवाज म्हणाला, “सगळे जोडले, दादा. चला, जेवून घेऊ.”