अर्धा कप

"बघा, पेशी एकमेकींना कशा चिकटल्यात! हा सगळा चहा. आजपासून बंद," आरोग्य शिबिरात रक्ताच्या थेंबावरून प्रकृती सांगणारे गुरुजी सूक्ष्मदर्शकाला जोडलेल्या पडद्याकडे बोट दाखवत म्हणाले.

भार्गवरावांचा चेहरा पडला. मांडीवरचा चहाचा थर्मास त्यांनी गुपचूप खुर्चीखाली सारला.

शेजारी बसलेल्या त्यांच्या पत्नी कुमुदताई मात्र उठल्या. सरकारी दवाखान्यात चौतीस वर्षं रक्त तपासून त्या निवृत्त झाल्या होत्या. "थेंब जाड पडलाय, वर तुमच्या बोलण्यात दहा मिनिटं गेली. चिकटतील नाही तर काय! अहो, बोट आणा इकडे."

त्यांनी नवऱ्याच्या बोटाला सुई टोचली, इवलासा थेंब काचेवर टिपला, वर पातळ काच अलगद टेकवली आणि लगेच सूक्ष्मदर्शकाखाली सरकवली. पडद्यावर पेशी सुट्या सुट्या तरंगू लागल्या.

"माणूस तोच आहे," कुमुदताई म्हणाल्या, "आणि सकाळपासून तीन कप झालेत."

शिबिरात हशा पिकला. भार्गवरावांनी तिथल्या तिथे थर्मास उघडला. गुरुजींनी वाकून पडद्यावरच्या पेशी पुन्हा निरखल्या. मग खुर्ची जवळ ओढून ते हळूच म्हणाले, "मलाही द्या अर्धा कप. माझा थेंब बघून मी दोन वर्षांपूर्वी सोडलाय हो!"