सरकून दिलेली जागा

माझ्या कॉम्प्युटरवर उघड्या असतील तेवढ्या विंडोंना स्क्रीन समान वाटून देणारी ही व्यवस्था ताईनेच बसवून दिली होती. आज सकाळपासून विंडो एकच उघडी, तरी तिला जागा अर्धीच मिळत होती. बाकीचा अर्धा भाग नुसता काळा.

“तूच काहीतरी उघडं ठेवलं असशील,” ताई फोनवर म्हणाली. तिच्या मते चूक नेहमी माझीच असते.

उघड्या विंडोंच्या यादीत एकच नाव होतं. सेटिंगची फाइल मी ओळ न् ओळ तपासली, कॉम्प्युटर बंद करून चालू केला. काळा भाग जागचा हलला नाही.

“मग तुझी विंडो बंद करून बघ.”

केली. काळोख स्क्रीनभर पसरला.

मी अजून काहीच उघडलं नव्हतं. तो हळूच डावीकडे सरकला, बरोबर मध्यावर थांबला, आणि उजवीकडे त्याने एकाला बसता येईल एवढी जागा करून दिली.